वरवंट्याचं बारसं

माझ्या भाचीवर अन्याय झाला. केव्हा, ते सांगते. १९८४ सालच्या मार्गशीर्षात, ती बारा दिवसांची असताना, सकाळी पाळणा बांधून झाल्यावर आणि घुगऱ्या वाटायच्या आधी. कुठे? पिंपळनेरला, तिच्या आईच्या माहेरच्या ओसरीवर. कोणी केला? आम्ही. नशिराबादहून एस्टीने जळगाव, धुळे, साक्री असे धक्के खात गेलेली तिच्या बापाची माणसं. त्यात मीही होते. सोळा वर्षांची, नवं परकर-पोलकं घातलेली, मुलीची एकुलती एक आत्या. पाळण्यापाशी जाऊन बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा होता.

नावं मी इथे कुणाचीच लिहिणार नाही. तिचंही नाही. ते तिचं आहे, ती सांगेल.

माझा दादा तेव्हा मस्कतला होता. लग्नानंतर काही महिन्यांत गेला. वहिनीला दिवस गेलेले त्याला माहीत होते. भुसावळचा एक जण तिकडून सुट्टीवर आला, त्याच्या तोंडी दादाने निरोप पाठवला होता: मूल झालं तर बारसं मी आल्यावर करा, आखाजीला येतोच आहे. निरोप आबांना आदल्याच दिवशी मिळाला. आबा म्हणजे माझे वडील. सबंध एस्टीत त्यांनी तो तोंडात धरून ठेवला आणि पिंपळनेरला पाय धुऊन पाट घेतल्यावर बाहेर काढला.

"बारसं नाही आज. पोरगा आला का करू. त्याच्यासमोर नाव ठेवायचं."

वहिनीची आई चुलीपाशी होती. तिच्या हातात घुगऱ्यांची परात होती, ती तशीच घेऊन बाहेर आली. तिकडची बोली आमच्यापेक्षा वेगळी, अहिराणी, पण त्या दिवशी ती मला अक्षरन् अक्षर कळली.

"आबा, घुगऱ्या शिजी गयात. बठ्ठी आळी दारमा उभी शे. मी लोकेसले काय सांगू?"

"सांगा का बाप आल्यावर होईल."

"बाप येवाना शे तवय येवाना शे. पोर तर येल शे ना?"

बाप यायचा तेव्हा येईल, पोर तर आलेली आहे ना, हे तिने विचारलं ते आबांनाही कळलं. मुलीकडची माणसं असं विचारत नसतात, आणि विचारलं तर मुलाकडच्यांनी ऐकायचं नसतं. आबा उठले आणि स्वतःच्या हाताने पाळण्याचा दोर सोडायला लागले. दारातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मंग काय, निस्त्या घुगऱ्या खा!" आणि बाया हसल्या. ते हसू आतल्या खोलीत बाळंतिणीपर्यंत गेलं असणार, कारण भिंत कुडाची होती. मी परकर सावरत उभी होते. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. तेव्हा नव्हतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली; दादा आला नाही.

करार दोन वर्षांचा होता. तो संपला तेव्हा त्याने सुट्टी न घेता दुसरा केला. दुसऱ्यानंतर थोडं वाढवून घेतलं. मी दादाला दोष देत नाही, तिकडे उन्हात पाइप जोडत होता, मजा मारत नव्हता. पण आमच्या घरात त्या काळात एक वाक्य शिरलं आणि माणसासारखं बसून राहिलं: "दादा आला की." वरच्या खोलीची वास्तुशांत? दादा आला की. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन? दादा आला की. माझं लग्न? दादा आला की. या शेवटच्यात माझा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. त्याच्या जिवावर मी जळगावला कॉलेज केलं, बायांच्या संघटनेत गेले, सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढायला शिकले. माझं थांबणं मला मानवलं. पण बारा दिवसांच्या पोरीला थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे. वास्तू थांबते. पोर थांबत नाही. ती रांगते, दात काढते, बोलायला लागते आणि एक दिवस विचारते की मला सगळे "पोरी" का म्हणतात.

आमच्या घरात ती "पोरी" होती. आबांची "ए पोरी", आईची "माझी बाय ती", शेजारणींची "मस्कतवाल्याची". कुणी विचारलं, हिचं नाव काय, की आई म्हणायची, "ठेवायचं आहे अजून." दोन वर्षांची झाली, ठेवायचं आहे. चार वर्षांची झाली, ठेवायचं आहे.

यात काय एवढं, असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून कानबाईचं सांगते. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली घरची देवी, बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन सुपात सव्वा मूठ टाकायची. आमच्या घरी लग्न न झालेल्या मुलींचीही मूठ घेतात, परक्या घरी गेली की बंद. आई सूप घेऊन बसायची. पहिली मूठ दादाच्या नावाची, तो समुद्रापलीकडे असला तरी. मग आबा, मग मी, अशी सगळी. पोरगी शेजारी बसून बघायची. तिची मूठ आली की आईचा हात पोत्यावर थांबायचा.

"हिच्या नावाची पुढल्या वर्षी."

कारण नाव नाही. नाव नाही तर मूठ कुणाच्या नावाची टाकणार? म्हणजे घराच्या देवीसमोर ती पोर घरात नव्हतीच. समुद्रापलीकडचा माणूस होता आणि मांडीला मांडी लावून बसलेली पोर नव्हती. हे कुणी दुष्टपणाने केलं नाही. आईने तर पदराने डोळेही पुसले. पण मूठ टाकली नाही.

आता वहिनीचं. वहिनी माझ्याशी फार बोलायची नाही. मी कॉलेजवाली, पत्रकवाली, ती पहाटे उठून सगळ्यांचं करणारी. पोरगी चारची झाली तेव्हा तिने तिला गावातल्या बालवाडीत घालायचं ठरवलं. आबा म्हणाले, कशाला, दादा आला की. ती "हो" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पोरीचा हात धरून घेऊन गेली. मी सुट्टीला घरी होते. दुपारी पोरगी परत आली, अंगणात बाहुल्या मांडल्या आणि बालवाडीतल्या बाईंसारखी हजेरी घ्यायला लागली. एकेक नाव घ्यायची, बाहुलीच्या वतीने "हजर" म्हणायची. शेवटी एक नाव घेतलं आणि स्वतःच्या छातीवर हात मारून ओरडली, "हजर!"

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाकरी थापत होती.

"वहिनी, हे नाव कुठलं?"

तिचा हात थांबला नाही. "बालवाडीत विचारलं, हिचं नाव काय. पोरी म्हणून सांगू का?"

"तू ठेवलंस?"

"पिंपळनेरलाच ठेवलं होतं. तुम्ही लोक दोर सोडत होते ना, तेव्हा आत मी तिच्या कानात सांगितलं."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"ताई, आईने ठेवलं तर तो लाड. आत्याने ठेवलं तर नाव." मग तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुम्ही अजून ठेवलं नाही."

मी तेव्हा हुंड्यावर, दारूवर, बायांच्या मजुरीवर पत्रकं लिहीत होते. हे वाक्य एकाही पत्रकात नव्हतं.

दादा आला १९९० साली, आखाजीच्या थोडं आधी. जळगाव स्टेशनवरून रिक्षात बसून, मागे दोरीने बांधलेल्या दोन मोठ्या बॅगा घेऊन. सगळं गाव अंगणात. पोरगी माझ्या मागे उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो आबांच्या पाया पडला, आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि इकडे-तिकडे बघत म्हणाला, "कुठे आहे माझी?"

"ही काय," आई म्हणाली.

त्याने पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. तो दचकला होता. संध्याकाळी बॅगा उघडल्या तेव्हा कारण कळलं. ब्लँकेट, टेपरेकॉर्डर, आबांना घड्याळ, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला गुलाबी झालरीचा फ्रॉक. चार-पाच महिन्यांच्या मुलीला होईल एवढा. त्याच्याकडे तिचा एकच फोटो होता, तेवढ्याच वयाचा. आम्ही दुसरा काढून पाठवला नाही, कारण फोटोवाल्याकडे जायचं तेही दादा आला की. दादाला मुलीचं वय माहीत होतं, माप माहीत नव्हतं. फ्रॉक त्याने तिच्यासमोर धरला आणि तसाच खाली ठेवला. तिने तो उचलला आणि बाहुलीला लावून बघितला. बाहुलीला मोठा झाला.

मग आबांनी कामाला हात घातला. पाच वर्षांत जे जे राहिलं होतं ते सगळं दादाच्या सुट्टीत बसवायचं ठरलं. वास्तुशांत झाली. डॉक्टरची तारीख घेतली. मला बघायला एक घर येऊन गेलं, त्यांना माझी पत्रकं कळली आणि पुन्हा आले नाहीत. आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बारसं. जूनमध्ये पोरीला पहिलीत घालायचं होतं, तिथे जे नाव जाईल ते जन्माचं.

आदल्या संध्याकाळी दादाने मला ओट्यावर बोलावलं.

"उद्या कानात काय सांगायचं ते सांगून ठेवतो."

"मान आत्याचा ना?"

"मान तुझा. नाव माझं."

त्याने नाव सांगितलं. चांगलं नाव होतं. मला आणखी राग आला, ते चांगलं होतं म्हणून.

"दादा, तिला नाव आहे. बालवाडीत सगळे त्याच नावाने बोलावतात."

"मला कुणी विचारलं?"

"तू इथे होतास का विचारायला?"

हे मी बोलायला नको होतं असं आई नंतर म्हणाली. मी अजूनही म्हणते, बोलायलाच हवं होतं. पण दादा चिडला नाही, त्याचीच मला भीती वाटली. तो हळू आवाजात बोलायला लागला. तिकडे एका खोलीत पाच जण राहायचे. पत्र्याच्या कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवलेला. कामावर जाताना कपाट उघडायचा आणि त्या नावाने तिला हाक मारायचा. मग खोलीतले बाकीचेही मारायला लागले. एक केरळचा होता, एक पेशावरचा होता.

"त्या खोलीतल्या सगळ्यांना माझ्या मुलीचं नाव पाठ आहे," दादा म्हणाला. "पाच वर्षं. आणि तू मला सांगते का ते तिचं नाव नाही?"

पत्रकात समोरचा माणूस नेहमी चूक असतो, त्यामुळे लिहिणं सोपं जातं. इथे माझा भाऊ बसला होता, हाताला भाजल्याचे डाग घेऊन.

मग मी आत वहिनीकडे गेले. ती उद्याच्या घुगऱ्यांसाठी गहू-हरभरे भिजत घालत होती. म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

"तू सांग ना त्याला, वहिनी."

"पाच वर्षांनी आले आहेत. पहिली गोष्ट ही सांगू?" तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुम्ही तिला विचारा. मग तुम्हाला काय करायचं ते करा. मी काही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी आमची ओसरी भरली. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी, त्यांच्या आया, आळीतल्या म्हाताऱ्या. पिंपळनेरहून वहिनीची आई आली होती. बोलावलं म्हणून आल्यासारखी खांबापाशी बसली, घुगऱ्यांकडे बघितलंही नाही. पाळणा आबांनी बांधला, तेच दोर. आणि तेव्हा कुठे बायांच्या लक्षात आलं की पाच वर्षांची, गुडघ्यावर खरचटलेली पोर पाळण्यात घालायची कशी?

"घाला, घाला, मोडला तर मस्कतचा नवीन आणा!"

"हिला नको, हिच्या बापाला घाला, तोच नवा आहे घरात!"

हशा झाला. पोरगी दाराला चिकटली होती आणि मान हलवून नाही-नाही म्हणत होती. आबांनी घड्याळ बघितलं. मग आईने तोड काढली. बारशाला बाळाच्या आधी पाळण्याखालून-वरून वरवंटा फिरवतातच, गोविंद-गोपाळ म्हणत. तो वरवंटाच पाळण्यात निजवायचा. पोर जवळ उभी राहील, झालं. एका जणीने वरवंटा धुऊन आणला, हळद-कुंकू लावलं. कुणाला तरी दादाचा फ्रॉक दिसला. गुलाबी झालरीचा फ्रॉक वरवंट्याला घातला. अगदी बरोबर बसला.

बाया हसून हसून वेड्या झाल्या. मी हसले नाही. वहिनीकडे बघितलं, ती खाली बघत होती. दादाकडे बघितलं, तोही. पाळणा हलायला लागला, दगड निजला. मला पुढे ढकललं. माझ्या मागे चार-पाच जणी मुठी आवळून तयार, कारण आत्याने नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ती रीत.

"सांग गं! कुर्र कर!"

मी पाळण्यात वाकले. गुलाबी फ्रॉकमधला दगड. याच्या कानात काहीही सांगितलं तरी तो ऐकून घेईल, हे मला दिसत होतं. पाच वर्षं आम्ही याच दगडाला जपत आलो होतो असं वाटलं. मी सरळ झाले आणि दाराकडे गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं तिकडे कुठे?" मी पोरीसमोर उकिडवी बसले, तिच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं नाही. विचारलं.

"तुझं नाव काय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की हिला एवढंही माहीत नाही. आणि बालवाडीत हजेरी देतात तशी छाती काढून, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने नाव सांगितलं. वर "हजर" पण म्हणाली.

नाव ऐकू आलं आणि बायांच्या मुठी सवयीने माझ्या पाठीत पडल्या. धबाधब. धपाटे पडले म्हणजे बारसं झालं. ते परत घेता येत नाहीत.

आबा ओरडले, "तुले कोनी इच्यारलं होतं?"

"मला नाही, आबा. मी तिला विचारलं."

"पोरानं आणलेलं नाव पडलं खाली! पाच वर्षं तो—"

"पाच वर्षं ती पण!" मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला.

खांबापाशी बसलेली वहिनीची आई उठली, परातीत हात घातला आणि पहिल्यांदा घुगऱ्यांची मूठ उचलून तोंडात टाकली. दादा उठून बाहेर गेला.

थोड्या वेळाने मी बघितलं, तो ओट्यावर बसला होता आणि पोरगी दोन हात लांब उभी राहून त्याला निरखत होती. मग तिने विचारलं, "तुमचं काय नाव?" सुपातल्या मुठीपुरतं सोडलं तर घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि ते याचंच हे तिला कुठून माहीत असणार. त्याने सांगितलं. तिने एकदा म्हणून बघितलं. एवढंच झालं. गळ्यात वगैरे कुणी पडलं नाही. माझ्याशी तो सुट्टीभर कामापुरतं बोलला. तिला तो या नावाने हाक मारत नव्हता, त्याही नावाने नाही. "बाळ, ए बाळ" एवढंच. पाऊस लागायच्या आत परत गेला. जळगावच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा त्याने दारातून तिला हाक मारली. गर्दीत, पहिल्यांदा, तिच्या नावाने. ती वळली.

त्या श्रावणात आई सूप घेऊन बसली. दादाची मूठ, आबांची, माझी. मग सवयीने तिचा हात थांबला.

"आजी, माझी?"

आईने मूठ भरली. नाव घेताना तिची जीभ अडखळली, कारण आबा बसले होते. पण घेतलं. सव्वा मूठ गहू सुपात पडले. आबांनी तोंड फिरवलं, पण रोट खाल्ले.

मागच्या वर्षांच्या मुठी राहिल्या त्या राहिल्याच. त्या कुणी भरून देऊ शकत नाही. दादा नाही, मी नाही, कानबाई नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नशिराबादला, पिंपळनेरला, धुळ्याच्या आणि जळगावच्या आळ्यांत, जिथला माणूस तिकडे कमवायला गेला आहे अशा घरात तुम्ही हे वाचत असाल, तर ते वाक्य तुमच्याही ओसरीवर बसलेलं आहे. तो आला की. त्याला उठवा. नाव ठेवायचं असेल तर ठेवा. शाळेत घालायचं असेल तर घाला. फोटो काढून त्याला पाठवा, दर वर्षी नवा, म्हणजे तो मापाचा फ्रॉक आणील. त्याला राग येईल, येऊ द्या. तो मोठा आहे, सोसेल. आणि हे आता खाली ठेवा, दारात खेळणाऱ्या त्या मुलीजवळ जा, तिला तिचं नाव विचारा आणि ती सांगेल त्याच नावाने तिला जेवायला बोलवा. आजच.